खिडकीतला प्रोग्राम (भाग ९) : डायलॉग फाइल उघडत नाही

‘उघडा’ दाबलं, डायलॉग आला, फाइल निवडली, ‘ओपन’ दाबलं, डायलॉग गेला आणि आपण पायथॉनमध्ये लिहीत असलेली टिपणवही कोरीच्या कोरी. मागच्या भागावर आलेल्या पत्रांत सगळ्यात जास्त हीच तक्रार आहे. एका गृहस्थांनी तर या कोरेपणापायी पायथॉन काढून पुन्हा नव्याने टाकलं. त्याची काही गरज नव्हती, कारण बिघडलेलं काहीच नाही. फाइल निवडण्याचा डायलॉग फाइल उघडत नाही, कधीच उघडत नाही. तो वापरणाऱ्याला एक प्रश्न विचारतो आणि उत्तर म्हणून एक स्ट्रिंग तुमच्या हातात ठेवतो: ड्राइव्ह, फोल्डर, त्याच्या आतलं फोल्डर आणि शेवटी फाइलचं नाव. स्टेशनातली चौकशीची खिडकी गाडी कुठल्या फलाटावर लागेल ते सांगते, गाडी आणून देत नाही, तसंच हे. फाइलच्या आत मजकूर आहे की कुणाच्या लग्नाचा व्हिडिओ, ती वाचायची परवानगी तुम्हाला आहे की नाही, याच्याशी डायलॉगला काही कर्तव्य नाही.

टीकेइंटरच्या फाइलडायलॉग मॉड्यूलमध्ये आपण वापरलेल्या ‘आस्कओपनफाइलनेम’च्या शेजारीच ‘आस्कओपनफाइल’ आहे, शेवटच्या ‘नेम’शिवाय. ते नाव विचारतं आणि लगेच फाइल उघडूनही देतं. दोन ओळी वाचतात म्हणून नवशिके त्याच्या प्रेमात पडतात. मी ते वापरत नाही, तुम्हीही वापरू नका. ते फाइल उघडताना कुठलं एन्कोडिंग वापरायचं हे सांगायला त्यात जागाच ठेवलेली नाही. इंग्रजी मजकुराचं त्यावाचून अडत नाही; विंडोजवर मराठी मजकुराचं पहिल्या ओळीतच अडतं. तेव्हा नाव घ्यायचं डायलॉगकडून, आणि फाइल उघडायची पायथॉनच्या नेहमीच्या ‘ओपन’ने, ‘एन्कोडिंग’ला ‘यूटीएफ-८’ देऊन. मग ‘रीड’ करायचं आणि आलेला मजकूर टेक्स्टच्या चौकटीत ‘इन्सर्ट’ करायचा. कोऱ्या टिपणवहीवरचा इलाज एवढाच. यूटीएफ-८च का, आणि जुन्या नोटपॅडमधल्या फाइलींचं काय, हे आज सांगतो असं मी मागे म्हटलं होतं. ते आज होणार नाही. अमरावतीकडच्या एका वाचकांचं पत्र आलंय आणि त्याने निम्मी जागा खाल्ली आहे. त्यावर येतोच.

आधी ‘कॅन्सल’. या बटणाकडे शिकवणारे आणि शिकणारे दोघंही दुर्लक्ष करतात. डायलॉग उघडून काहीही न निवडता परत जाणं हे वापरणाऱ्याचं रोजचं वागणं आहे. तो नुसता डोकावायला आलेला असतो, नाहीतर चुकीच्या मेन्यूवर बोट पडलेलं असतं. ‘कॅन्सल’ दाबलं की आपल्याला रिकामी स्ट्रिंग मिळते. काही मशीनवर, काही आवृत्त्यांत, रिकाम्या स्ट्रिंगऐवजी रिकामा ‘टपल’ही येतो. म्हणून मिळालेलं उत्तर दोन अवतरणचिन्हांशी ताडून बघू नका. सरळ ‘इफ नॉट’ लावा. स्ट्रिंग असो वा टपल, रिकामं ते रिकामंच, आणि तिथूनच ‘रिटर्न’.

पण खरी गोम तपासणीत नाही, क्रमात आहे. पत्रांसोबत आलेले प्रोग्राम वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. ‘उघडा’च्या फंक्शनची पहिली ओळ टेक्स्टची चौकट साफ करणारी: १.० पासून ‘एन्ड’पर्यंत ‘डिलीट’. दुसऱ्या ओळीत डायलॉग. लिहिणाऱ्याच्या मनात विचार सरळ असतो की नवीन फाइल येणार, तर आधी जागा मोकळी करू. आता ‘कॅन्सल’ दाबून बघा. नवीन फाइल आली नाही आणि जुनी टिपणं गेली. ज्याने अर्धा तास बसून हिशोब लिहिला त्याने नुसतं डोकावून बघितलं, आणि हिशोब गायब. ‘इफ नॉट’ची तपासणी जागेवर आहे, अगदी बिनचूक आहे, पण घोडं पुढे गेल्यावर तबेल्याला कडी लावल्यासारखी.

बरोबर क्रम असा. जुन्या मजकुरात न साठवलेलं काही असेल तर आधी ते साठवायचं का विचारा. मग डायलॉग. उत्तर रिकामं असेल तर परत फिरा. नसेल तर फाइल पूर्ण वाचून एका व्हेरिएबलमध्ये घ्या. वाचताना काही फिसकटलं, परवानगी नाही म्हणा किंवा एन्कोडिंग जुळलं नाही म्हणा, तर संदेश दाखवा आणि तिथूनही परत फिरा. नवा मजकूर खरोखर हातात आल्यावरच चौकट साफ करा, तो भरा, आणि खिडकीच्या टायटलमध्ये नाव टाका. साफ करणं नेहमी उशिरात उशिरा. ही सवय हाताला लागली की पुढे डेटाबेसच्या प्रोग्रामांतही ती उपयोगी पडते.

आता, हा डायलॉग काढतं कोण? विंडोजवर आणि मॅकवर टीकेइंटरमागचं टीके स्वतः काही काढत नाही, सिस्टिमचाच डायलॉग मागवतं. म्हणून आपल्या साध्यासुध्या टिपणवहीतही तो डायलॉग महागड्या प्रोग्रामांतल्यासारखा दिसतो. विंडोजवर त्यात उजवं क्लिक करून फाइलचं नावसुद्धा बदलता येतं. यातली एक ओळही आपण लिहिलेली नाही. विंडोजमध्ये सामायिक डायलॉगची ही सोय १९९२ च्या ३.१ आवृत्तीबरोबर आली. त्याआधी जो तो आपापला डायलॉग काढायचा, आणि एका प्रोग्राममध्ये ड्राइव्हची यादी डावीकडे तर दुसऱ्यात उजवीकडे.

मॅकवाल्यांनी मात्र १९८४ मध्ये, पहिल्या मशीनबरोबरच, सामायिक डायलॉग दिला होता. तो बघण्यासारखा होता. त्या मशीनला ४०० केबीच्या फ्लॉपीचा एकच अंगभूत ड्राइव्ह होता, म्हणून डायलॉगमध्येच फ्लॉपी बाहेर काढायचं बटण होतं. फाइल दुसऱ्या फ्लॉपीवर असेल तर ही काढा, ती घाला आणि मग यादी बघा. आणखी गंमत म्हणजे त्या डायलॉगमध्ये फोल्डर नव्हते. डेस्कटॉपवर फोल्डर दिसायचे, त्यांत फाइली टाकता यायच्या, पण फोल्डर हा फाइंडरने उभा केलेला देखावा होता. खालची फाइलव्यवस्था सपाट होती. त्यामुळे उघडायला गेलं की फ्लॉपीवरच्या सगळ्या फाइली एकाच लांबट यादीत यायच्या. ४०० केबीत मावून मावून किती फाइली मावणार, म्हणून ते खपून गेलं. खरेखुरे फोल्डर १९८५ मध्ये नव्या फाइलव्यवस्थेबरोबर आले.

लिनक्सवर ‘सिस्टिमचा डायलॉग’ म्हणावा असा एकच एक नाही. जीटीकेचा वेगळा, क्यूटीचा वेगळा, आणि टीके तिथं स्वतःचा काढतं. तो जरा जुनाट दिसतो, पण चालतो. ज्यांनी लिनक्सवरून ‘आमचा डायलॉग तुमच्यासारखा का दिसत नाही’ असं विचारलंय, त्यांना हे उत्तर. आणि दिसण्याचंच म्हणाल तर जीटीकेच्या डायलॉगची कहाणी ऐका. फाइल निवडताना चित्रांच्या छोट्या प्रतिमा दिसाव्यात ही मागणी २००४ मध्ये नोंदवली गेली. ती पुरी झाली २०२३ मध्ये, ४.१० या आवृत्तीत. मधल्या काळात ‘फोटो ०४७ की ०७४’ असं नावावरून ओळखत बसण्यात लिनक्सवाल्यांची एक पिढी गेली. त्यावरच्या विनोदांचीच एक लेखमाला होईल. फुकट मिळणाऱ्या डायलॉगवर आपला ताबा नसतो, त्याची किंमत ही अशी.

पण डायलॉग परक्याचा असण्यात एक फायदाही आहे. मॅकवर सँडबॉक्समध्ये चालणाऱ्या प्रोग्रामला तुमची फोल्डरं वाचायची परवानगीच नसते. तिथं डायलॉग वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतो. यादी त्याला दिसते, प्रोग्रामला दिसत नाही. तुम्ही एक फाइल निवडलीत की तेवढ्या फाइलीपुरती परवानगी प्रोग्रामला मिळते. लिनक्सवर फ्लॅटपॅकमध्ये ‘पोर्टल’ हेच काम करतं. म्हणजे जी निवड आपल्याला साधी वाटते, तीच तिथं परवाना ठरते. आपली टिपणवही सध्या सँडबॉक्सबाहेर आहे, तेव्हा याची चिंता नको.

आता ‘फाइलटाइप्स’. ही जोड्यांची यादी: आधी माणसाला वाचायचं नाव, मग तारांकित नमुना. पहिली जोडी आपोआप निवडलेली असते, म्हणून ‘मजकूर’ आधी आणि ‘सर्व फाइली’ नंतर. एकाच प्रकारात दोन नमुने हवे असतील तर एका स्ट्रिंगमध्ये जागा सोडून लिहा. आणि यादी चौकोनी कंसातच लिहा. गोल कंसात एकच जोडी लिहून शेवटचा स्वल्पविराम विसरलात तर पायथॉन तिला जोड्यांची यादी न मानता नुसती एक जोडी मानतो, आणि टीके एरर फेकतं.

या यादीपायी साठवण्याच्या बाजूला एक घोळ होतो. ‘आस्कसेव्हअॅजफाइलनेम’ला ‘डिफॉल्टएक्स्टेन्शन’ दिलं नाही आणि वापरणाऱ्याने नुसतं ‘किराणा’ असं नाव टाइप केलं, तर फाइल ‘किराणा’ याच नावाने साठते, पुढे ‘.टीएक्सटी’ नाही. दुसऱ्या दिवशी तो ‘उघडा’ म्हणतो, डायलॉग फक्त ‘.टीएक्सटी’वाल्या फाइली दाखवतो, आणि किराणा दिसत नाही. फाइल जागेवरच आहे, आपणच लावलेल्या चाळणीने ती लपवली आहे. तेव्हा एक्स्टेन्शन द्याच. शिवाय त्या नावाची फाइल आधीपासून असेल तर ‘बदलू का’ हे डायलॉग स्वतःच विचारतो. तुम्ही आणखी एकदा विचारू नका, माणूस वैतागतो.

आता ते पत्र. हे वाचक वऱ्हाडी म्हणी गोळा करतात. या लेखमालेतली टिपणवही त्यांनी त्या कामाला जुंपली आहे, आणि मला त्याचा फार आनंद आहे. त्यांचा प्रश्न असा: ‘डायलॉगमध्ये एकाच फोल्डरात एकाच नावाच्या दोन फाइली दिसतात, वऱ्हाडी म्हणी आणि वऱ्हाडी म्हणी. हे शक्य कसं? डायलॉग एकच फाइल दोनदा दाखवतोय का?’ सोबत स्क्रीनचा फोटो. फोटोत आकाराचा रकाना होता म्हणून बरं. एक फाइल ३ केबीची, दुसरी ११ केबीची. म्हणजे फाइली खरंच दोन आहेत. पुढे त्यांनी सहज लिहिलेलं एक वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटलं: ‘दुसऱ्यांदा साठवताना बदलू का असंही विचारलं नाही.’ विचारलं नाही, याचाच अर्थ विंडोजच्या लेखी ती नावं वेगळी आहेत.

वेगळी कुठे? ‘ऱ्ह’मध्ये. हा आडवा, पापणीसारखा अर्धा र आपल्याला वऱ्हाड, तऱ्हा, कऱ्हाड, दऱ्याखोऱ्या अशा शब्दांत रोज लागतो. तो यूनिकोडमध्ये एकाहून जास्त वाटांनी लिहिता येतो. पहिली वाट: टिंबवाला ऱ, ज्याचा क्रमांक ०९३१, त्यापुढे हलन्त. इनस्क्रिप्ट कळफलकावर बहुतेक जण हेच करतात. दुसरी: साधा र, हलन्त, आणि त्यापुढे एक अदृश्य जोडक, क्रमांक २००डी. ही जुनी पद्धत आहे, आणि यूनिकोडच्या प्रमाणात पहिलीबरोबर हीही मान्य आहे. काही कळफलक तुमच्या नकळत हीच वापरतात. तिसरी वाट अशी की ०९३१ हे अक्षर फोडून साधा र आणि सुटा नुक्ता, क्रमांक ०९३० आणि ०९३सी, अशी दोन चिन्हं लिहायची. पडद्यावर तिन्ही एकसारखी. विंडोजची आणि लिनक्सची फाइलव्यवस्था मात्र नाव कसं दिसतं ते बघत नाही, क्रमांक बघते. क्रमांक वेगळे, तर फाइल वेगळी.

तिसरी वाट हाताने कुणी टाइप करत नाही, मग ती येते कुठून? जुन्या मॅकमधून. १९९८ पासून मॅकवर असलेली एचएफएस प्लस ही फाइलव्यवस्था प्रत्येक नाव फोडून ठेवायची. तुम्ही ०९३१ घालून ‘वऱ्हाड’ दिलंत की ती आत र आणि नुक्ता ठेवायची, आणि परत मागितलं की फोडलेलंच हातात द्यायची. तिथून झिप करून फाइली विंडोजवर आणल्या की हे फोडलेलं नावही सोबत येतं. २०१७ मध्ये आलेली एपीएफएस असं करत नाही. तुम्ही दिलेलं नाव ती तसंच ठेवते, फक्त तुलना करताना जोडलेलं आणि फोडलेलं एकच धरते.

आपल्या वाचकांची गोष्ट यापेक्षा साधी निघाली. पहिली फाइल फोनवर लिहून संगणकावर आणलेली, तिच्या नावात अदृश्य जोडक. दुसरी टिपणवहीतून साठवलेली, इनस्क्रिप्टने. हे बघायचं कसं? पायथॉनमध्ये ‘अॅस्की’ नावाचं अंगभूत फंक्शन आहे. डायलॉगने दिलेली स्ट्रिंग त्यात घाला आणि ‘प्रिंट’ करा. देवनागरीऐवजी प्रत्येक चिन्हाचा क्रमांक छापून येतो. त्यांनी छापून पाठवलं. एकात २००डी, दुसऱ्यात ०९३१. सोक्षमोक्ष लागला.

मग उपाय काय? पहिला विचार सगळ्यांना सुचतो: डायलॉगकडून नाव आलं की ते एका ठरावीक रूपात आणायचं. पायथॉनच्या ‘यूनिकोडडेटा’ मॉड्यूलमध्ये ‘नॉर्मलाइझ’ आहे. त्याला ‘एनएफसी’ सांगितलं की र आणि नुक्ता जोडून ०९३१ होतं. हे करू नका! निदान फाइल उघडायच्या नावावर तरी करू नका. डिस्कवर नाव फोडलेलं आहे, तुम्ही जोडलेलं नाव घेऊन ‘ओपन’कडे गेलात तर विंडोज म्हणेल अशी फाइल नाही. आणि डायलॉगमध्ये तर ती समोर दिसत होती! डायलॉगने जी स्ट्रिंग दिली ती जशीच्या तशी, एका चिन्हाचाही बदल न करता, ‘ओपन’ला द्यायची.

नॉर्मलाइझ वापरायचं ते तुलनेपुरतं. आपल्या ‘अलीकडच्या फाइली’ या मेन्यूत नाव घालताना, किंवा साठवण्याआधी त्या फोल्डरात दिसायला सारखी फाइल आहे का हे बघताना. तेव्हाही लक्षात ठेवा की एनएफसी फक्त जोडलेलं आणि फोडलेलं एक करतं. अदृश्य जोडकाला ते हात लावत नाही. तो आपणच बदलायचा: साधा र, हलन्त, २००डी असा तिहेरी तुकडा दिसला की त्याजागी ०९३१ आणि हलन्त. एक ‘रिप्लेस’ पुरतं. अशी दोन्ही नावं ‘सारखी केलेली’ सावली म्हणून शेजारी ठेवायची आणि सावल्यांची तुलना करायची. खरी नावं तशीच राहतात. साठवताना सावली जुळली पण खरं नाव जुळलं नाही, तर वापरणाऱ्याला विचारायचं: ‘या फोल्डरात असंच दिसणारं नाव आधीपासून आहे, त्यातच लिहायचं का?’ हा प्रश्न सिस्टिमचा डायलॉग विचारू शकत नाही, कारण त्याला फक्त क्रमांक कळतात. इथं आपण त्याच्या पुढे जातो, आणि माझ्या मते मराठीसाठी लिहिलेल्या प्रोग्रामने एवढं तरी पुढे जायलाच हवं.

जाता जाता, व्हेरिएबलांची नावं देवनागरीत ठेवणाऱ्या मंडळींसाठी. पायथॉन स्वतःच्या व्हेरिएबलांची नावं वाचतानाच नॉर्मलाइझ करतो. त्यामुळे प्रोग्राममध्ये ‘तऱ्हा’ एकदा जोडलेलं आणि एकदा फोडलेलं लिहिलंत तरी ते एकच व्हेरिएबल. अदृश्य जोडक घातलात मात्र तो सरळ सिंटॅक्स एरर देतो. दिसायला ओळ अगदी शुद्ध, आणि एरर मात्र न दिसणाऱ्या चिन्हाबद्दल. कुठल्याशा फोनच्या कळफलकावरून कोड लिहायची हौस असेल तर हे ध्यानात असू द्या.

‘इनिशिअलडिर’बद्दल दोघा-तिघांनी विचारलं आहे. डायलॉग दर वेळी त्याच फोल्डरात उघडावा म्हणून ठरावीक मार्ग लिहू नका. तो तुमच्या मशीनवरचा असतो, दुसऱ्याच्या मशीनवर नसतो. शेवटची फाइल निवडली त्या फोल्डरचा मार्ग एका व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि पुढच्या वेळी तो द्या. देण्याआधी तो फोल्डर अजून जागेवर आहे ना बघा, नाहीतर मधे कुणी पेनड्राइव्ह काढलेला असतो. आणि ‘पेरेंट’मध्ये आपली मुख्य खिडकी द्यायला विसरू नका. नाहीतर कधीतरी डायलॉग दुसऱ्या खिडकीमागे उघडतो, टिपणवही कशालाच दाद देत नाही, आणि माणूस ती बंद पाडून मोकळा होतो.

पुढच्या भागात नक्की एन्कोडिंग: यूटीएफ-८, नोटपॅडच्या जुन्या फाइली, आणि फाइलच्या तोंडाशी लपून बसणारं ते चिन्ह. तोवर एक करा. ‘उघडा’चं फंक्शन वर सांगितलेल्या क्रमाने लिहा, टिपणवहीत दोन ओळी टाइप करा, डायलॉग उघडा आणि ‘कॅन्सल’ दाबा. मग एस्केप दाबून बघा, मग कोपऱ्यातली फुली. तिन्ही वेळा दोन ओळी जागेवर राहिल्या तरच मला प्रोग्राम पाठवा.